स्तरित टायटॅनेटपासून एक नॅनोमीटर जाडीचे पत्रे कसे तयार करावेत

चिरोटे करताना पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतात. साटा सगळीकडे सारखा लागला असेल तर तळणीत पापुद्रे आपोआप सुटतात. तो कुठे राहून गेला असेल तर झाऱ्याने कितीही डिवचले तरी चिरोटा तिथे फुलत नाही, मोडतो मात्र नक्की. स्तरित धातू ऑक्साइडांपासून नॅनोपत्रे तयार करण्याचे काम मला नेहमी याच कृतीची आठवण करून देते. मुंबईतल्या प्रयोगशाळेत हे काम करताना आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे: नव्या विद्यार्थ्याचा हात पहिल्यांदा सोनिकेटरकडे, म्हणजे ध्वनिलहरींनी कण फोडणाऱ्या यंत्राकडे जातो. थर वेगळे करायचे म्हणजे जोर लावायचा, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात थर सुटतात ते मधल्या साट्यामुळे, म्हणजे थरांच्या मध्ये कोणते आयन आणि किती पाणी आहे यामुळे. हे एकदा मनात पक्के बसले की पुढची सारी कृती समजायला सोपी जाते. म्हणून ही कृती मी प्रत्येक पायरीमागच्या कारणासह लिहीत आहे.

पदार्थाची निवड

अशी ऑक्साइडे बरीच आहेत. पेरोव्हस्काइट रचनेची नायोबेट आहेत, मँगनीजची आहेत, टंगस्टनचीही आहेत. पण पहिल्यांदा हात बसवण्यासाठी सिझियम टायटॅनेटाइतका समजूतदार पदार्थ मला दुसरा माहीत नाही. त्याच्या घटकांचे प्रमाण सिझियम ०.७, टायटॅनियम १.८२५ आणि ऑक्सिजन ४ असे असते, आणि या अपूर्णांकांतच साऱ्या प्रक्रियेचे मर्म आहे. लेपिडोक्रोसाइट या लोखंडाच्या खनिजात धातूचे अष्टफलक कडांनी जोडले जाऊन सलग थर बनतात. या टायटॅनेटाची रचना तशीच असते, फक्त लोखंडाच्या जागी टायटॅनियम येते. थरात टायटॅनियमसाठी २ जागा असताना १.८२५ जागाच भरलेल्या असतात आणि ०.१७५ रिकाम्या राहतात. प्रत्येक रिकाम्या जागेमागे ४ धन प्रभार कमी पडतात. ०.१७५ ला ४ ने गुणले की ०.७ येतात, आणि थरांच्या मध्ये बसलेले सिझियमही नेमके ०.७ असते. म्हणजे थर ऋणप्रभारित, मधले सिझियम धनप्रभारित, आणि या दोघांच्या ओढीने सगळा स्फटिक बांधलेला.

ग्राफीनची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते: मँचेस्टरमध्ये २००४ साली ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून त्याचे एकेक थर सोलले गेले. टायटॅनेटावर ती युक्ती चालत नाही, कारण ग्रॅफाइटच्या थरांमध्ये क्षीण आकर्षण असते, तर इथे विरुद्ध प्रभारांची थेट ओढ असते. तरीही टायटॅनेटाचे सुटे थर ग्राफीनच्या आधीच हाती आले होते. जपानमधील त्सुकुबा येथे ताकायोशी सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ते पाण्यात सुटे करून दाखवले, तेही केवळ रसायनाने. पुढे दिलेली कृती मुळात त्यांच्याच वाटेने जाते.

वजन करणे आणि भाजणे

लागणारे पदार्थ दोनच आहेत: सिझियम कार्बोनेट आणि अॅनाटेझ या स्फटिकरूपातील टायटॅनियम डायऑक्साइड. मोलांच्या हिशेबाने त्यांचे प्रमाण १ ला सुमारे ५.२ पडते. ५ ग्रॅम मिश्रण करायचे असेल तर सिझियम कार्बोनेट २.१९५ ग्रॅम आणि टायटॅनियम डायऑक्साइड २.८०५ ग्रॅम घ्यावे. भाजताना त्यातून सुमारे ०.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ४.७ ग्रॅम सिझियम टायटॅनेट उरते. हा आकडा वहीत आधीच लिहून ठेवावा, कारण भट्टीतून काढल्यावर मूस तोलली की अभिक्रिया पुरी झाली की नाही याचा पहिला अंदाज तिथेच येतो.

मुंबईत हे काम करणाऱ्याने इथे थोडे थांबावे. सिझियम कार्बोनेट हवेतील ओलावा फार झपाट्याने शोषून घेते. जुलैच्या दिवसांत बाटलीचे झाकण उघडून चमचाभर पूड तराजूवर ठेवली की काट्याचे आकडे स्थिर होतच नाहीत. डोळ्यांदेखत वजन वाढत जाते आणि पूड कागदाला चिकटू लागते. माझा पहिला प्रयोग अशाच एका पावसाळी दुपारी बिघडला. वाढत्या आकड्यांकडे पाहत मी पूड कमी करत गेलो. त्यामुळे २.१९५ ग्रॅम म्हणून जे घेतले, त्यात बराचसा भाग पाण्याचा होता. दोन दिवसांच्या भाजणीनंतर क्ष-किरण विवर्तनाच्या (स्फटिकातील थरांची अंतरे मोजण्याच्या पद्धतीच्या) आलेखात २५.३ अंशांवर अॅनाटेझचे शिखर ठळकपणे उभे राहिले. सिझियम कमी पडले होते, म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडचा काही भाग तसाच शिल्लक राहिला होता. तेव्हापासून मी सिझियम कार्बोनेट आदल्या रात्री ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसच्या वर ठेवतो, सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये थंड होऊ देतो आणि झाकण असलेल्या छोट्या कुपीत फरकाने तोलतो, म्हणजे कुपीचे वजन आधी आणि नंतर घेऊन. सिझियम जास्त झाले तरी चालत नाही, कारण मग वेगळ्या रचनेचे, सिझियमने अधिक भरलेले टायटॅनेट तयार होऊ लागते. दोन्हीकडून वाट अरुंद आहे.

दोन्ही पुडी अकीकाच्या खलात किमान अर्धा तास एकत्र खलाव्यात. थोडे अॅसिटोन घातल्यास मिश्रण कडांवर चढत नाही. रंग दोन्हींचा पांढराच असल्याने एकजीव झाले की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून घड्याळावर विश्वास ठेवावा. मूस प्लॅटिनमची मिळाली तर उत्तम. आपल्याकडे बहुधा अॅल्युमिनाचीच मिळते, आणि तीही चालते. मात्र मुशीला चिकटलेला तळाचा थर खरवडून मुख्य पदार्थात मिसळू नये. मिश्रण ८०० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवावे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. मग थंड करून पुन्हा खलावे आणि ८०० अंशांवरच २० तास भाजावे. परत एकदा खलून आणखी २० तासांची फेरी द्यावी. मधले खलणे टाळण्याचा मोह होतो, पण घन पदार्थांची अभिक्रिया कणांच्या स्पर्शाच्या जागीच चालते आणि तयार झालेला थर पुढच्या अभिक्रियेला अडवतो. खलल्याने नवे पृष्ठभाग समोरासमोर येतात.

तयार झालेली पांढरी पूड क्ष-किरण विवर्तनाने तपासावी. तांब्याच्या नळीचे किरण वापरल्यास पहिले ठळक शिखर टू-थीटाच्या (किरण वळण्याच्या कोनाच्या) सुमारे १०.३ अंशांवर येते, म्हणजे दोन थरांमधील अंतर सुमारे ०.८६ नॅनोमीटर. ज्या महाविद्यालयात हे उपकरण नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना पवईच्या आयआयटीतील मध्यवर्ती उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. पाळी मिळायला वेळ लागतो, म्हणून भट्टी लावायच्या आधीच अर्ज करून ठेवावा. तपासणीशिवाय पुढच्या पायरीला जाऊ नये. पुढे तीन आठवड्यांचे काम आहे आणि चुकीच्या पुडीवर ते सगळे वाया जाते.

सिझियम काढून हायड्रोजन बसवणे

इथपासून साटा बदलण्याचे काम सुरू होते. सिझियमचा आयन थरांना घट्ट धरून ठेवतो. त्याच्या जागी हायड्रोजन आयन आणि पाणी बसवले की पुढे थर उघडायला वाव मिळतो. दर १ ग्रॅम पुडीमागे १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलिलिटर घ्यावे. १ ग्रॅममध्ये सिझियम सुमारे २.९ मिलिमोल असते आणि १०० मिलिलिटर आम्लात हायड्रोजन आयन १०० मिलिमोल. इतकी चंगळ कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. विनिमय हा समतोलाचा खेळ आहे. बाहेर पडलेले सिझियम द्रावणात साचत गेले की शेवटचे उरलेले सिझियम बाहेर यायला तयार होत नाही. म्हणूनच आम्ल दररोज बदलायचे असते. पूड खाली बसू द्यावी, वरचे आम्ल अलगद ओतून टाकावे, ताजे आम्ल घालावे, आणि असे चार दिवस करावे. ढवळणी मंद ठेवावी. जोरात फिरणारा चुंबक तळाशी कण भरडतो, आणि इथे भरडला गेलेला स्फटिक पुढे लहान पत्रे देतो. पत्र्याची लांबी-रुंदी मूळ स्फटिकापेक्षा मोठी कधीच होऊ शकत नाही, हे सुरुवातीपासून लक्षात ठेवावे.

चार दिवसांनंतर पूड गाळून डीआयनाइज्ड पाण्याने धुवावी, धुवणाचे पाणी उदासीन लागेपर्यंत. मग ती ओव्हनमध्ये अजिबात घालू नये, हवेतच वाळू द्यावी. या टप्प्यावरच्या पदार्थात सूत्राच्या प्रत्येक एककामागे (म्हणजे टायटॅनियम १.८२५ आणि ऑक्सिजन ४ एवढ्यामागे) पाण्याचा एक रेणू थरांच्या मध्ये बसलेला असतो, आणि पुढच्या पायरीत थर उघडण्यासाठी तोच उपयोगी पडतो. ओव्हनच्या उष्णतेने हे पाणी निघून गेले की थर जवळ येतात आणि नंतर पाणी दाखवले तरी पूर्वीसारखे सहज उघडत नाहीत. वजन करताना वैताग आणणारी मुंबईची दमट हवा इथे मात्र आपल्या बाजूने काम करते.

विनिमय पुरा झाला की नाही, हे दोन प्रकारे पाहावे. विवर्तनाचे पहिले शिखर १०.३ अंशांवरून ९.४ अंशांच्या आसपास सरकते, म्हणजे थरांमधले अंतर सुमारे ०.९४ नॅनोमीटर होते. शिखर दुभंगलेले दिसले किंवा जुन्या जागी त्याचा खांदा उरला असेल, तर आणखी एक-दोन दिवस आम्ल द्यावे. दुसरी तपासणी सिझियम उरले आहे का याची. ती करताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ईडीएसवर (नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणावर) डोळे झाकून विसंबू नये. सिझियमच्या एल रेषा आणि टायटॅनियमच्या के रेषा ४.३ ते ४.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्याच टापूत एकमेकींवर पडतात. त्यामुळे सिझियम पूर्ण गेलेले असताना ते आहे असे दिसू शकते आणि उलटही होऊ शकते. थोडी पूड विरघळवून अणुशोषण किंवा ज्वाला प्रकाशमापनाने सिझियम मोजणे अधिक खात्रीचे.

आणखी एक साधी, बिनखर्चाची चाचणी मी नेहमी करतो. हवेत वाळलेली पूड अचूक तोलून मुशीत ८०० अंशांवर तासभर भाजावी. पाणी आणि हायड्रोजन निघून जाऊन फक्त टायटॅनियम डायऑक्साइड उरते, आणि हिशेबाप्रमाणे ते मूळ वजनाच्या ८५.७ टक्के भरायला हवे. पावसाळ्यात हे प्रमाण थोडे कमी येते, कारण कणांच्या पृष्ठभागावरही पाणी बसलेले असते. जो आकडा येईल त्यावरून पुढच्या पायरीसाठी पुडीचे खरे प्रमाण काढावे.

थर सोडवणे

आता खरी किमया. हायड्रोजन टायटॅनेट हे घन आम्ल आहे. त्याला टेट्राब्यूटिलअमोनियम हायड्रॉक्साइड या आम्लारीत ठेवले की हायड्रोजन आयन बाहेर येऊन पाणी होते आणि त्याच्या जागी टेट्राब्यूटिलअमोनियमचा ऐसपैस आयन थरांच्या मध्ये शिरतो. तो स्वतःबरोबर पुष्कळ पाणीही आत खेचतो. थर फुगत जातात, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि शेवटी प्रत्येक थर स्वतंत्रपणे पाण्यात तरंगू लागतो.

प्रमाण असे ठेवावे. हायड्रोजन टायटॅनेट ०.४ ग्रॅम घेतले तर त्यात विनिमय होऊ शकणारे हायड्रोजन आयन सुमारे १.६५ मिलिमोल असतात. तेवढीच आम्लारी हवी. बाजारात हे हायड्रॉक्साइड बहुधा ४० टक्के द्रावणाच्या रूपात मिळते, त्याचे १.०७ ग्रॅम घेऊन डीआयनाइज्ड पाण्याने १०० मिलिलिटर केले की हिशेब जुळतो. जास्त घातल्याने काम लवकर होईल, ही समजूत चुकीची आहे. आम्लारी कितीतरी पट जास्त झाली तर द्रावणातील आयनांची गर्दी थरांना एकमेकांपासून लांब जाऊ देत नाही. टेट्राब्यूटिलअमोनियम मध्ये बसतो, अंतर १.७५ नॅनोमीटरच्या आसपास वाढते, आणि गाडी तिथेच अडते. फार कमी घातल्यास अर्धी पूड तशीच तळाला राहते. एकास एक हे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते.

हे रसायन हाताळताना हयगय करू नये. ते तीव्र आम्लारी आहे, कातडी आणि डोळे भाजते. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड यांपैकी काहीही वगळू नये. त्याचाच धाकटा भाऊ, टेट्रामिथिलअमोनियम हायड्रॉक्साइड, याहून घातक आहे. तो कातडीतून शरीरात शिरून श्वसनाचे स्नायू निकामी करतो आणि त्याने माणसे दगावली आहेत. टेट्रामिथिलअमोनियम वापरल्यास थर अधिक अलगद फुगतात आणि मोठे पत्रे मिळतात हे खरे, पण अनुभवी देखरेखीशिवाय त्या वाटेला जाऊ नये, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला बजावतो.

द्रावण काचेच्या बाटलीत ठेवू नये, कारण आम्लारी काच हळूहळू खाते आणि सिलिकेट द्रावणात उतरते. पॉलिप्रोपिलीनची, घट्ट फिरकीच्या झाकणाची बाटली घ्यावी. झाकण घट्ट यासाठी की हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लारीला निकामी करत असतो. बाटली शेकरवर मंद गतीने हलत ठेवावी, आणि तीही १० दिवस. पहिल्या तासातच तळाची पूड फुगून मऊ झालेली दिसते. दुसऱ्या दिवशी द्रव पातळ ताकासारखा होतो. पुढे तो पांढरेपणा सोडून अर्धपारदर्शक होत जातो, आणि दहाव्या दिवशी उजेडासमोर धरला तर त्यात ओपलच्या खड्यासारखी निळसर झाक येते.

सोनिकेटरचा प्रश्न इथेच येतो. ध्वनिलहरींनी हेच काम तासाभरात झाल्यासारखे दिसते, पण अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली (सूक्ष्म टोक फिरवून पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या उपकरणाखाली) पाहिले की पत्र्यांचा चुरा झालेला आढळतो: शंभर-दोनशे नॅनोमीटरचे, फाटक्या कडांचे तुकडे. काही कामांना, उदाहरणार्थ उत्प्रेरक म्हणून वापरायला, एवढे तुकडे चालतात. ज्याला सलग आवरण हवे आहे किंवा विद्युत गुणधर्म मोजायचे आहेत, त्याला ते चालत नाहीत. दहा दिवस हे मला पूर्वी फार वाटायचे. आता बाटली शेकरवर चढवून मी मधल्या काळात दुसरे काम करतो.

मुदत संपल्यावर न सुटलेली पूड काढून टाकण्यासाठी द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये मंद वेगाने १०-१५ मिनिटे फिरवावा आणि वरचा भाग घ्यावा. वेग फार वाढवला तर मोठे पत्रेही खाली बसतात, म्हणजे जे हवे तेच फेकले जाते.

पत्रे सुटले हे कसे ओळखावे

उपकरणाकडे जाण्याआधी डोळ्यांनी पाहावे. अंधाऱ्या खोलीत बाटलीतून लेझरचा किरण सोडला की त्याची वाट आरपार उजळलेली दिसते. कलिलाची ही जुनी खूण. पण ती कोणत्याही बारीक कणांच्या द्रावणात दिसते, त्यामुळे एकटी पुरेशी नाही. दुसरी खूण पत्र्यांची खास आहे. बाटली हलकेच गोल फिरवून एकदम थांबवावी. द्रव आत फिरत राहतो आणि त्यात रेशमी पदर सळसळल्यासारख्या उजळ-अंधुक लहरी उमटतात, आणि द्रव स्थिर झाला की त्या विरून जातात. प्रवाहात पातळ पत्रे एका दिशेने वळतात, म्हणून हे घडते. गोल कणांच्या द्रावणात असे होत नाही. काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवक पट्ट्यांच्या मध्ये बाटली ठेवली तर हाच देखावा गडद पार्श्वभूमीवर इतका स्पष्ट दिसतो की पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी बाटली परत परत फिरवत बसतो.

त्यानंतर मोजमाप. द्रव अतिशय पातळ करून अतिनील-दृश्य वर्णपटमापकात ठेवल्यास २६५ नॅनोमीटरजवळ टोकदार शोषणशिखर मिळते. अॅनाटेझचे शोषण याहून लांब तरंगलांबीपासून सुरू होते. इतक्या पातळ थरात इलेक्ट्रॉनांची कोंडी होत असल्याने शिखर आखूड तरंगलांबीकडे सरकते. द्रव निम्मा पातळ केला की शिखराची उंचीही निम्मी व्हावी. तशी झाली तर पत्रे एकमेकांना चिकटलेले नाहीत, असे समजावे. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून मिळालेला चिकट लगदा ओला असतानाच विवर्तनाला लावावा: थरांच्या अंतराचे शिखर नाहीसे होऊन त्या जागी पसरट उंचवटा दिसायला हवा. तोच लगदा वाळू दिला की थर पुन्हा एकमेकांवर बसतात आणि शिखर परत येते, म्हणून या चाचणीसाठी नमुना वाटेत वाळणार नाही याची काळजी घ्यावी. मी तो ओल्या टिश्यूसह डबीत बंद करून नेतो.

शेवटची खात्री अणुबल सूक्ष्मदर्शकाची. सिलिकॉनच्या स्वच्छ चकतीवर पत्रे बसवून उंची मोजली की ती १.१ ते १.२ नॅनोमीटर येते. स्फटिकाच्या रचनेवरून एका थराची जाडी सुमारे ०.७५ नॅनोमीटर निघते. या तफावतीने गोंधळू नये. पृष्ठभागावर चिकटलेले पाणी आणि सेंद्रिय आयन ही जादा उंची देतात. उंची २.४ किंवा ३.६ अशी पटीत येऊ लागली तर मात्र पत्रे एकमेकांवर चढले आहेत, असे मानावे.

काचेवर थर चढवणे

सुटे पत्रे हाती आले की त्यांचे एकेक थर क्वार्ट्झच्या पट्टीवर चढवता येतात. साधी काच २६५ नॅनोमीटरचा प्रकाश स्वतःच शोषते, म्हणून क्वार्ट्झ. पट्टी मिथेनॉल आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या समान मिश्रणात अर्धा तास, नंतर संहत सल्फ्युरिक आम्लात अर्धा तास ठेवून दर वेळी भरपूर डीआयनाइज्ड पाण्याने धुवावी. स्वच्छ पट्टीवर पाणी थेंब न धरता पसरते. नंतर ती पॉलिएथिलीनइमाइन या धनप्रभारित बहुलकाच्या द्रावणात, सामू ९ ठेवून, २० मिनिटे बुडवावी आणि धुवावी. मग नॅनोपत्र्यांच्या द्रवात, सामू पुन्हा ९, आणखी २० मिनिटे. मूळ द्रव दर लिटरला ४ ग्रॅमचा असतो. तो ५० पट पातळ केला की दर लिटरला ०.०८ ग्रॅम होतो आणि तेवढा पुरतो. हीच जोडी पुन्हा पुन्हा केली की प्रत्येक फेरीला शोषण सारख्याच पायरीने वाढत जाते. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत आलेख सरळ रेषेत आला की हात बसला.

सामू ९ वर आणताना विरल आम्ल थेंबाथेंबाने आणि ढवळत घालावे. तीव्र आम्लाचा थेंब जिथे पडतो तिथे क्षणात पांढरे पुंजके तयार होतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. नळाच्या पाण्याचेही तसेच. मुंबईचे पाणी पिण्याला कितीही गोड असले तरी त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतेच, आणि दोन धन प्रभारांचे हे आयन ऋणप्रभारित पत्र्यांना एकत्र बांधून टाकतात. एकदा घाईत मी नळाखाली विसळलेली बाटली वापरली आणि दहा दिवसांचा द्रव दहा मिनिटांत फाटलेल्या दुधासारखा झाला. तेव्हापासून या कामाच्या बाटल्यांवर लाल पट्टी असते आणि त्यांना नळाचे पाणी लागू द्यायचे नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

मोठे पत्रे हवे असतील तर

वरील कृतीने पत्रे साधारण मायक्रोमीटरच्या आतबाहेर मिळतात. त्याहून मोठ्यांसाठी सुरुवातीचा स्फटिकच मोठा हवा. त्यासाठी पोटॅशियम-लिथियम टायटॅनेट मॉलिब्डेनम ऑक्साइडच्या वितळलेल्या माध्यमात १,१०० अंशांहून अधिक तापमानाला वाढवतात. त्यापासून दहा मायक्रोमीटरपेक्षा मोठे पत्रेही मिळतात आणि त्यांच्यात टायटॅनियमचे प्रमाण किंचित कमी असते. अशा पत्र्यांच्या थरांचा पारविद्युत स्थिरांक (विद्युत प्रभार साठवण्याच्या क्षमतेचे माप) १२५ च्या आसपास मोजला गेला आहे, म्हणून अतिपातळ कपॅसिटरसाठी त्यांच्यावर इतके काम चालते. पण मोठा पत्रा फाटतोही लवकर. त्याला शेकरही नको. बाटली दिवसातून दोन-तीनदा हाताने उलटीपालटी करावी.

साठवण आणि विल्हेवाट

तयार द्रव पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत, अंधारात, खोलीच्या तापमानाला कित्येक महिने टिकतो. उन्हात ठेवू नये, कारण टायटॅनियम ऑक्साइडचे हे पत्रे अतिनील प्रकाशात सेंद्रिय पदार्थ जाळतात, आणि त्यांना सुटे ठेवणारा आयनही सेंद्रियच आहे. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. बर्फ होताना पत्रे स्फटिकांच्या फटीत दाबले जाऊन एकमेकांना चिकटतात. सिझियम असलेले वापरलेले आम्ल आणि आम्लारी वेगवेगळ्या, नावे लिहिलेल्या कॅनमध्ये साठवून रासायनिक कचरा म्हणून द्यावीत, बेसिनमध्ये ओतू नयेत. वाळलेले पत्रे हवेत उडतात, म्हणून सांडलेला द्रव ओला असतानाच ओल्या कागदाने टिपून घ्यावा. बाटलीवर तारीख, आम्लारीचे प्रमाण आणि भाजणीचा क्रमांक लिहावा. वापरण्याआधी ती दर वेळी हलकेच फिरवून पाहावी आणि रेशमी लहरी दिसल्या नाहीत तर तो द्रव थर चढवण्यासाठी घेऊ नये.